मठातला गोबरगॅस

वेस्ट मांबलम, चेन्नई
१९ मार्च २००६

तीर्थरूप अण्णांना,
साष्टांग नमस्कार. मी आणि एकोजी दोघंही ठीक आहोत. तुमच्या गुडघ्याचं आईकडून फोनवर कळत असतं. हे पत्र गोबरगॅसबद्दल आहे, तेव्हा निदान शेवटपर्यंत वाचाल.

आमच्या घरामागे लहानसा मठ आहे. तिथे चार गाई आहेत आणि रोज देवाचा स्वयंपाक होतो. शेणाचं काय करायचं हे कुणाला सुचत नव्हतं, म्हणून मी आपल्या परसातल्या गोबरगॅसचं सांगितलं. एकोजीने लगेच मनावर घेतलं. अंबत्तूरला त्याच्या कारखान्याशेजारी लोखंडी टाकी करून घेतली, खड्डा बांधला, आणि पोंगलनंतर आम्ही शेणकाला भरला. जेवढं शेण तेवढं पाणी, तुम्ही करायचात तसं.

टाकी काही वर येईना, म्हणजे आत गॅसच धरत नव्हता. सिरुसेरीला ऑफिसात संगणकासमोर बसून मी दिवसभर टाकीचाच विचार करायची. जोडांना साबणाचा फेस लावून पाहिला, बुडबुडा नाही. थंडी म्हणावी, तर चेन्नईत कुठली थंडी? मग मला गाईंच्या खाण्याचा संशय आला, कारण मठात त्यांना दहीभातसुद्धा मिळतो. एकोजी हसला, म्हणाला की दहीभाताने काही अडलं असतं तर अख्खं मांबलम अडलं असतं.

शेवटी एका शनिवारी पहाटे मीच शेण कालवायला गेले. वास दवाखान्यासारखा. फिनेल!

ते घालत होत्या माझ्या सासूबाई, सकवारबाई. मठाच्या स्वयंपाकाचं सोवळं त्या सांभाळतात. आंघोळ करून गोठ्याच्या फरशीवर रोज फिनेल ओतायच्या, शुक्रवारी जरा जास्तच. मी विचारलं तर त्यांच्या तंजावरी मराठीत म्हणाल्या, “शेण शुद्धच गे. पण लोक चपला घालून येतात, ती फरशी शुद्ध का? त्या जाळावर देवाचं अन्न होणार ना?”

मी सांगितलं की गॅस टाकीतले बारीक जीव करतात आणि फिनेलने ते मरतात. त्या पायरीवर बसल्या. “अय्यो, मी इतके जीव मारले?” एवढंच म्हणाल्या आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत. मला फार वाईट वाटलं.

मग खड्डा उपसला, दुसऱ्या एका गोशाळेतून जुना काला आणून विरजणासारखा घातला. परवा टाकी वीतभर वर आली. निळी ज्योत, अण्णा, अगदी आपल्याकडची. दूध उतू जाईपर्यंत मी बघत उभी राहिले.

म्हणजे टाकी का वर येत नव्हती, याचं उत्तर मिळालं आहे. पण देवाचा भात अजून सिलिंडरवरच होतो, कारण सासूबाईंचा प्रश्न सुटलेला नाही. कुजलेल्यातून आलेल्या जाळावरचा नैवेद्य चालतो का? मी सांगितलं, आमच्याकडे आई गौरीचं पुरण गोबरगॅसच्या शेगडीवरच शिजवायची. त्यांना पटेना. “तू तेव्हा लेकरू, तुज काय आठवणार? घरचा कर्ता सांगू दे. तुझ्या अण्णास विचार.”

लग्नानंतर तुमचं एक अक्षर आलेलं नाही, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. त्यांना वाटतं आपल्याकडचं पोस्टच वाईट. दुपारी पोस्टमन दिसला की माझ्याआधी त्या स्वतःच फाटकाशी जातात.

घरात मराठी बोलतात म्हणून काय आपले झाले, असं तुम्ही म्हणाला होतात. खरं आहे, त्यांचं निम्मं बोलणं पहिल्या महिन्यात मला कळलं नव्हतं. पण गावच्या घरात तुम्ही गोबरगॅस सुरू केलात, तेव्हा आजीने तुम्हाला हाच प्रश्न विचारला होता असं आई सांगते. तुम्ही तिला काय उत्तर दिलंत, ते मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

मला लिहायचं नसेल तर लिहू नका. सौ. सकवारबाईंच्या नावाने लिहा, पत्ता वर आहे तोच. त्या तमिळ वाचतात, आपली अक्षरं त्यांना लागत नाहीत. तेव्हा तुमचं पत्र आलं की मोठ्याने वाचावं मलाच लागेल.

वाचून दाखवायला बसलेली,
तुमची रेवा