राठोड मास्तरांच्या मिशा आणि विभाची पाचवी

तिलक नगर, जयपूर
जानेवारी १९६४, संक्रांतीआधीचा रविवार

ती. सौ. वन्संना मालाचा वाकून नमस्कार. भावोजींचा दमा थंडीत कसा आहे? अडुळशाचा काढा घेतात, की तुमची पाठ वळली की तुळशीत ओततात? आम्ही सगळे खुशाल आहोत. इकडे थंडी अशी की खोबरेलाचा बाटलीत दगड झालाय. तुमचे भाऊ स्वेटरवर कोट, कोटावर शाल अशा थाटात शाळेत जातात. हेडमास्तर येताहेत की गादी चालत येतेय, ते लांबून सांगता येत नाही. (हे त्यांना कळवू नका.)

संक्रांत झाली की विभाला न्यायला येता, हे तुमचं पत्र पोचलं. पोरीला ऐकू येत नाही, शाळेत डोकं शिणवण्यापेक्षा माझ्याजवळ कऱ्हाडला राहील, शिवणटिपण शिकेल, असं तुम्ही लिहिलंत, आणि तुमच्या भावानं उलट टपाली ‘ताई म्हणेल तसं’ म्हणून कळवलंही. तुमच्या मायेबद्दल माझ्या मनात तिळाएवढी शंका नाही. विषमज्वरात तिचे कान गेले तेव्हा तिच्या उशाशी तुम्हीच बसून होतात, ते मी जन्मात विसरणार नाही. पण ते पत्र पेटीत पडायच्या आधी आणि नंतर इथं जे रामायण घडलंय, ते आधी ऐकून घ्या.

यांच्या शाळेत व्हरांड्याच्या टोकाला एक खोली आहे. तिला सगळे ‘आखिरी कमरा’ म्हणतात. कुणाला कमी दिसतं, कुणाला कमी ऐकू येतं, कुणाचा पाय पोलिओनं गेलाय, कुणाची जीभ अडखळते, कुणाच्या डोक्यात अक्षर सावकाश शिरतं, अशी सगळी मुलं त्या एका खोलीत आणि त्यांना सांभाळायला एकट्या तारामतीबाई. (बाई इंदूरच्या, गोड बोलतात, पण भाजीत गूळ फार.) आपली विभाही तिथंच. दिवाळीनंतर तुमच्या भावाच्या डोक्यात आलं, की हे चूक आहे. प्रत्येक मूल आपापल्या इयत्तेत बसेल आणि तारामतीबाई वर्गावर्गांतून फिरून ज्याला जे हवं ते बघतील. विचार सोन्यासारखा, वन्सं, मी नाही म्हणत नाही. पण त्यासाठी त्यांनी जो भला मोठा तक्ता काढला, तो माझ्या स्वयंपाकघरात कशाला चिकटवावा? महिनाभर मी फोडणी घालताना मुलं कुठल्या वर्गातून कुठं जातात तेच वाचत होते. त्यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. बाकी सगळ्या पोरांची नावं शाईनं लिहिली होती. विभाचं नाव तेवढं पाचवीच्या रकान्यात पेन्सिलीनं होतं.

पालकांच्या सभेत हे असे काही बोलले, की एका मेजरसाहेबांच्या बायकोनं डोळे पुसले. मग पहिला दिवस उजाडला. आखिरी कमऱ्यातली मुलं आपापल्या वर्गात गेली, आणि चौथीतली निम्मी धडधाकट कार्टी लंगडत लंगडत आखिरी कमऱ्यात येऊन बसली! तारामतीबाई मारत नाहीत आणि दुपारी गूळ-शेंगदाणे देतात, हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं ना! एक पोरगा तर अडखळत बोलायचं सोंग करायला लागला, तेव्हा जो खरोखर अडखळतो त्या मुलानंच त्याला थांबवून, असं नाही भैया, असं, म्हणून करून दाखवलं. शेवटी बाईंनी शेंगदाण्यांची पिशवी उचलली आणि सगळ्याच वर्गांतून वाटत फिरल्या. लंगडेपणाची साथ ओसरली.

पण विभाचं घोडं पेंड खात होतं ते वेगळ्याच ठिकाणी. ती समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखते, हे तुम्हाला ठाऊकच आहे, घरात मराठी आणि बाहेर हिंदी. आणि पाचवीला आहेत राठोड मास्तर. माणूस देवासारखा, कधी आवाज चढवत नाहीत. पण मिशा! अहो, त्यांचा वरचा ओठ त्यांच्या बायकोनं तरी पाहिलाय की नाही, देव जाणे. पोर पहिल्या बाकावर बसून दिवसभर हलत्या मिशांकडे बघायची आणि घरी येऊन तशीच झोपायची. मी यांना म्हटलं, सांगा की त्यांना जरा कातरा म्हणून. तर यांची पाचावर धारण! इकडे मिशा उतरवतात त्या वडील वारले की. मास्तरांचे वडील चौमूंला चांगले ठणठणीत आहेत, अजून उंटावर बसतात. मतलब, मिशा काढा म्हणणं म्हणजे म्हाताऱ्याचं मरण मागणं. सगळी शाळा उलटीपालटी करणारा हा माणूस एका मिशीपुढे गप्प बसला. नेमकं तेव्हाच तुमचं पत्र आलं, आणि यांना वाट सापडली.

आता पुढचं ऐका. गेल्या सोमवारी मास्तरांनी वर्गात विभाला कुठलीशी नदी विचारली. हिला काही कळेना. त्यांनी जवळ येऊन आणखी हळू, आणखी मायेनं विचारलं. (हळू बोललं की मिशा हलतसुद्धा नाहीत, म्हणजे अधिकच पंचाईत.) तशी ही उठली, त्यांच्यासमोर उभी राहिली, आणि नसलेल्या मिशा दोन बोटांनी वर उचलून दाखवल्या! शिपाई धावत ऑफिसात गेला. तुमचे भाऊ शाल सांडत पळत आले आणि खिडकीशीच थबकले, आत जायची छाती होईना. मास्तरांनी खिशातली फणी काढली, मिशा विंचरून वर घेतल्या, दोन्ही हातांनी धरून ठेवल्या आणि प्रश्न पुन्हा विचारला. चंबळ, असं ही इतक्या मोठ्यानं ओरडली, की यांना खिडकीबाहेर रडू फुटलं. शिपायानं मला येऊन सांगितलं तेव्हा मीही तिथंच पदरात तोंड खुपसलं.

आता मास्तर रोज मिशांना तूप लावून, पीळ देऊन, पार गालावर चढवून येतात. ओठ लख्ख दिसतो. चौमूंचे वडील म्हणाले म्हणे, आत्ता कुठं तू राठोड शोभतोस! तक्त्यावरचं विभाचं नाव यांनी काल शाईनं गिरवलं. मी समाधानात आहे, वन्सं, फार समाधानात आहे. तिळगूळ वेगळा पाठवते. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची
माला

ता. क. ज्यासाठी एवढं लिहिलं ते राहिलंच. तुमच्या भावाला विभाला पाठवायचं नाहीये. पण ताईला शब्द दिलाय, आता कुठल्या तोंडानं माघार घेऊ, म्हणून बसलेत. रोज तिच्या ट्रंकेची कडी दुरुस्त करतात आणि रोज ती कशी कोण जाणे मोडते. गावाला सांगायचं मूल वेगळं काढू नका, आणि आपली लेक कऱ्हाडला! लोका सांगे ब्रह्मज्ञान! डरपोक आहेत, तुमच्यापुढे तर फारच. तेव्हा तुम्हीच लिहा, यंदा न्यायला जमत नाही म्हणून. भावोजींच्या दम्याचं कारण चालेल. पोर गेली तर हे घर मला खायला उठेल, वन्सं.

ता. क. दुसरा. लिहिताना शब्द तोंडात पुटपुटायची माझी खोड तुम्ही जाणताच. विभा समोर मटार सोलायला बसली होती. आत्ता मान वर केली, तर एक शेंग सोललेली नाही आणि डोळे माझ्या ओठांवर. सगळं पत्र वाचलंय बयेनं, अगदी नमस्कारापासून! म्हणते, काकांच्या दम्याचं खोटं कशाला? बाबा डरपोक आहेत ते खोडू नको, ते बरोबर आहे. आणि आत्याला लिही, मी सुट्टीत येईन, शिवण पण शिकेन, पण राहायला नको. मला इथं सगळं कळतं.