निळा पाहुणा आणि घाटावरचा शब्द

प्रिय नाना,

आज सकाळी तो निळा आला. तुम्ही जाऊन सहा महिने होत आले. एवढ्या दिवसांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही मी, आणि आज हातातलं काम टाकून बसले आहे. इतकी वर्षं तो पुन्हा यायची वाट बघितली तुम्ही, आणि दिसला कुणाला, तर मला! असं कसं हो?

साडीला खडे चिकटवत मागच्या दारात बसले होते. परसाच्या भिंतीवर काहीतरी उतरलं. आधी पारवा वाटला. मग ऊन पडलं आणि बघते तर अंगभर निळा, शाईत बुडवून काढल्यासारखा. मैनेएवढा, चोच जरा लांब. ताठ उभा राहून आपल्या पेरूच्या झाडाकडे बघत होता. बोटावरचा गम वाळून गेला तरी मी हलले नाही.

तुम्ही हा पाहिला होता तेव्हा आम्ही किती हसलो होतो, आठवतं? तुमचा लेक, सुनील, म्हणाला, "नाना, डाइंगवाल्यांच्या रंगाच्या हौदात पडलेली साळुंकी असेल ती." आणि सगळ्यात मोठ्याने मीच हसले. लूमच्या खडखडाटात तुमचे कान गेलेले, हसणं ऐकू आलं नसेल. पण आमची तोंडं तर दिसलीच असतील ना? तुम्ही पेरूला पाणी घालायला गेलात. कारखान्याच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाचा तुटलेला धागा ज्याला दिसायचा, त्याला समोरच्या भिंतीवरचा पक्षी चुकीचा कसा दिसेल? तेव्हा हे सुचलं नाही. माझं चुकलं, नाना.

तुमचे नियम अजून पाळते. दिवाळीनंतर चार महिने परसात कपडे वाळत घालायचे नाहीत. पेरूखालचा पाला झाडायचा नाही, कारण त्यातल्या किड्यांवर तुमचे पाहुणे जगतात. यंदाही सगळे आले. तो शेपूट सारखी थरथरवणारा थिरथिऱ्या आला, अळूच्या वाफ्यात तुरेवाला हुदहुद आला. आणि कपडे मी पुढच्या गच्चीवर घालते, त्यांच्यावर बमरोलीच्या कारखान्यांची सगळी काजळी बसते, ते पुन्हा धुते.

खरं सांगू? मला या पाखरांचा राग येतो. त्यांना यायचं तेव्हा येतात, जायचं तेव्हा जातात. मी मात्र त्यांच्यासाठी या चार भिंतींत बसून आहे. आणि बसवलं कुणी? माझं मीच.

तुमच्या दहाव्याला तापीच्या घाटावर काय झालं ते तुम्हाला कुठून माहीत असणार! आमच्याकडच्या बाया एरवी घाटावर जात नाहीत, पण आई हटून बसली म्हणून मीही गेले. पिंड ठेवला, आणि कावळा काही खाली येईना. झाडावर बसून नुसता बघतोय. भटजी म्हणाले, "त्यांची काही इच्छा राहिली असेल, बोलून टाका." सुनील म्हणाला, आईला मी सांभाळीन. नाही आला. काका म्हणाले, गावाकडच्या घराचा वाद मिटवतो. तरी नाही. ऊन डोक्यावर आलं, आई चक्कर येऊन खाली बसली. मग मी हात जोडले आणि म्हणाले, "नाना, तुमची बाग मी राखीन. तुमची पाखरं येतील, त्यांच्यासाठी मी हे घर सोडणार नाही."

आणि कावळा सरळ खाली आला. सगळे सुटले, नाना. मी तिथंच अडकले.

दिवाळीत शिरपूरचे प्रकाशराव मला बघून गेले. शाळेत क्लार्क आहेत, बायको वारली आहे. छत्तीस वर्षांच्या मुलीला बघायला येणारे लोक कसे बोलतात ते तुम्हाला ठाऊक आहे. हे तसं काही बोलले नाहीत. चहा झाल्यावर स्वतःचा कप उचलून मोरीत ठेवून आले. संक्रांतीच्या आत कळवा म्हणाले. मला हो म्हणायचं आहे. सुनील आईला त्याच्या घरी, सचिन गावी, न्यायला कधीचा तयार आहे. पण आईचं एकच: कावळ्यासमोर दिलेला शब्द मोडता येत नाही.

तर आज तो निळा भिंतीवर आणि आई माझ्या मागे येऊन उभी. म्हणाली, "तुना बाप उना, रंजू. तू सबद पाळी ऱ्हायनी का, ते देखाले उना."

म्हणजे तुम्ही आलात, मी शब्द पाळते का ते बघायला! माझा तोल गेला. इतके महिने पोटात ठेवलेलं सगळं सांगून टाकलं. म्हटलं, आई, तो कावळा माझ्या शब्दाला आलाच नव्हता. शेजारच्या गुजराती माणसांनी त्यांच्या पिंडाशेजारी गाठिया ठेवले होते, त्यांच्या म्हाताऱ्याला आवडायचे म्हणून. कावळा उतरला तो त्या गाठियांवर. जाता जाता आपल्या पिंडाला एक चोच मारली, एवढंच. तुम्ही सगळे डोळे मिटून होतात. मी बघितलं.

आईने भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाली, "माले बी दिसनं व्हतं."

ऐकलंत ना, नाना? तिलाही दिसलं होतं. म्हणजे इतके महिने ती गाठिया खाणाऱ्या कावळ्याच्या जोरावर मला बांधून ठेवत होती. मी काही बोलायच्या आत तिनेच विचारलं, "तू गयी का मी कोनासंगे बोलू?"

चाळीस वर्षं तिने ऐकू न येणाऱ्या माणसाबरोबर संसार केला. घरात तिचं ऐकणारी मी एकटीच होते, हे मला आज कळतंय. मला तिचा भयंकर राग आला आणि तिला जवळही घ्यावंसं वाटलं. दोन्हीपैकी काहीच केलं नाही. आत जाऊन चहा टाकला. परत आले तोवर पक्षी गेला होता.

तुम्ही तर मला कधी म्हणालाच नाहीत, की घर सोडू नकोस. मग तुमच्या नावावर आम्ही दोघी एकमेकींना का धरून बसलो?

नाना, आता दुसरा शब्द देते. प्रकाशरावांना संक्रांतीच्या आत हो कळवीन. आईला स्वतः सचिनला सुनीलकडे पोचवीन, आणि शिरपूरहून रोज संध्याकाळी फोन लावून तिचं सगळं बोलणं ऐकीन, तेच तेच असलं तरी. बाग राहील तशी राहील. आईला भीती वाटेल. मलाही वाटते आहे. पण हा शब्द मी स्वयंपाकघरात बसून, शुद्धीवर राहून देते आहे. याला कावळा शिवो न शिवो, मी वाट बघत थांबणार नाही.

तुमची,
रंजू