परतीची वायर

३ एप्रिल १९८२, हामामात्सु

आले एकदाची! स्टुडिओ म्हणजे ईलमाशांच्या खानावळीवरची एक खोली, भाजल्याचा वास फुकट. सिंथेसायझर मात्र कपाटाएवढा. मालक नागुमोसान यांनी वायरींचा क्रम समजावला: माइकमधला आवाज आधी सिंथेसायझरच्या फिल्टरमध्ये, तिथे नको ते गाळायचं, मग प्रतिध्वनीच्या पेटीत, मग स्पीकरला. पेटीतून निघालेली वायर परत फिल्टरला लावायची नाही. का, असं विचारलं, तर म्हणाले, तुझ्याआधी इथे कामाला होती त्या मुलीलाही फार प्रश्न पडायचे, तू चहा टाक.

शिमादा गावी, घरी बाबांना फोन केला. त्यांची नजर गेल्यापासून मी त्यांच्यापुरती नुसता आवाज उरले आहे. जन्मभर पियानो सुरात लावलेला कान तो! मला सर्दी झालेली माझ्याआधी त्यांना कळते.

९ एप्रिल

नागुमोसान ओसाकाला गेलेत. जाहिरातीला भरदार आवाज हवा होता, म्हणून ती वायर लावलीच. फिल्टर, पेटी, पुन्हा फिल्टर, गोल गोल. काय सुरेख घुमलं!

जेवून परत आले. घरात कोणी नसलं तरी दारात आपण म्हणतोच, तसं म्हटलं, "मी आले." माइक चालूच राहिला होता. "मी आले, मी आले..." घुमत राहिलं. मग माझ्याच आवाजात कुणीतरी म्हणालं, "ये."

हसले. वायर तशीच राहू दिली.

१२ एप्रिल

बाबा म्हणाले, आवाज असा पातळ का गं, जेवतेस ना नीट? डॉक्टरांना घशात काही सापडलं नाही. माझा गेलेला खर्ज स्पीकरमधून येतोय. मी गप्प असतानाही.

१४ एप्रिल

आता बोलायला गेले की नुसती हवा निघते. नागुमोसान आले. कागदावर लिहून सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, वायरीला हात लावू नकोस पोरी, आधीच्या मुलीने घुमत असतानाच उपटली, तिचा आवाज परत आलाच नाही. बूटही नीट न घालता गेले.

मला फार भीती वाटते आहे.

१६ एप्रिल

बाबांचा फोन. मी उचलला, तोंड उघडलं — बोलली ती. स्पीकरमधली, माझ्या आवाजाची. "बाबा, जेवलात का?" बाबा खूश. आज कसा स्वच्छ लागलाय आवाज, म्हणाले. त्या कानाला फरक कळला नाही. बाबांना —

मी टेबलावर मुठी आपटल्या. बाबांनी विचारलं, कोण ठोकतंय गं? ती म्हणाली, कोणी नाही हो, तुम्ही बोला.

१७ एप्रिल

पुन्हा फोन. ती त्यांना हसवते, बोलतं ठेवते. रिसीव्हर माइकशेजारीच, बाबांचा शब्द न् शब्द आत जातोय — माझ्या लक्षात कसं नाही —

बाबांचा आवाज पातळ होतोय. खोकतायत. मी फोन आपटला. तरी स्पीकरमधून ते हसतायत, भरदार —

वायर हातात धरली आहे. माझा आवाज गेला तर जाऊ दे. पण आता आत बाबांचाही —