हयातीच्या दाखल्यावर बहिष्कार

३ नोव्हेंबर, सकाळी ६.४०
निर्णय झाला. यंदा हयातीचा दाखला देणार नाही. कोयलीच्या केमिकल कारखान्यात एकतीस वर्षे कातडी जाळणारा कॉस्टिक सोडा हाताळला. आता दरवर्षी बँकेत जाऊन आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायचे, आणि त्याबदल्यात औषधांनाही न पुरणारी पेन्शन घ्यायची! आम्ही संप करून मिळवलेले एकेक संरक्षण सरकारने काढून घेतले. कारखान्यात आता सगळे कंत्राटी. बँक तर शिल्लक कमी झाली म्हणून गरिबालाच दंड लावते.
गेल्या वर्षीचा दाखला २८ तारखेला संपतो. संपू दे. पेन्शन थांबली तर थांबू दे. बहिष्कार सामुदायिक असेल. अध्यक्ष : मी.

५ नोव्हेंबर
यशश्रीचा पुण्याहून फोन. "बाबा, आईच्या मृत्यूचा दाखला बँकेत दिलात का? तीन महिने झाले हो." तिला समजावले की बहिष्काराच्या काळात बँकेला कोणताही कागद देणे शिस्तीत बसत नाही. तिने फोन ठेवला. पटले असावे.

९ नोव्हेंबर, रविवार
कमाटी बागेत निवृत्त कामगारांची सभा. निमंत्रणे चाळीस, उपस्थिती तीन. त्यांपैकी एक गृहस्थ त्या बाकावर आधीपासूनच बसलेले होते. भाषण पन्नास मिनिटे. प्रतापसिंह, माझ्याच पाळीतला जुना सहकारी, मध्येच म्हणाला, "गजेंद्रराव, तुमचं सगळं बरोबर, पण मी एक तारखेलाच बँकेत अंगठा देऊन आलो. हिनं रिक्षात कोंबून नेलं. चला, सेव-उसळ खाऊ."
त्यास फितूर घोषित केले. सेव-उसळ खाल्ली. तिखट होती.

१४ नोव्हेंबर
निवेदन पूर्ण. नऊ पाने, शुद्ध मराठी. बँकेच्या निजामपुऱ्यातील शाखेत स्वहस्ते दिले. काउंटरवरच्या मयंकने पाने उलटसुलट केली. "काका, आ मराठी छे? आमां सही क्यां छे?" सही दाखवली. त्याने पोचेचा शिक्का मारला.
प्रशासन हादरले आहे.

२० नोव्हेंबर
प्रशासनाचे मौन. घाबरले की असेच होते.
शेजारच्या निरुपमाबेन खिचडी देऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, "सुनंदाबेन होत तो कान पकडीने लई जात." खरे आहे, बायको असती तर कान धरून नेलेच असते. दाखल्याचा दिवस सुनंदाच लक्षात ठेवी. इस्त्रीचा शर्ट आदल्या संध्याकाळी पलंगावर काढून ठेवी. हा मुद्दा निवेदनाशी संबंधित नाही.

२६ नोव्हेंबर
कारखान्याने निवृत्तांची वैद्यकीय सवलत बंद केली नसती, तर सुनंदाच्या आजारपणात ठेवी मोडाव्या लागल्या नसत्या. आता पेन्शनखेरीज घरात काहीही येत नाही.
यशश्री रोज विचारते. रोज तेच उत्तर देतो. निर्धार कायम.

२८ नोव्हेंबर, दुपारी १.१५
बँकेत केवळ परिस्थितीची पाहणी करण्यासाठी गेलो. आधार कार्ड योगायोगाने खिशात होते. अंगठा उमटला नाही. दहाही बोटे झाली. रेषा कॉस्टिकने केव्हाच नेल्या. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणाले, "दादा, जल्दी करो ने!" मयंकने चेहऱ्यावरून ओळख पटवायला मोबाइल तोंडासमोर धरला. "काका, आंखो पटपटावो." पटपटावले. चौथ्या खेपेस मी जिवंत ठरलो.
मग तो खात्याची माहिती वाचू लागला. "जॉइंट खातुं. सुनंदाबेन. काकी मजामां ने?"
मृत्यूचा दाखला त्याच खिशात होता. चार घड्या घातलेला.
मजामां, असे म्हणालो.
"तो बधुं एमनुं एम राखुं?"
आहे तसेच राख म्हणालो.

त्याच दिवशी, संध्याकाळी ५
बहिष्कार पुढील नोव्हेंबरपर्यंत स्थगित. यशश्रीचा फोन घेतलेला नाही.
कपडे बदलताना लक्षात आले. शर्टाला इस्त्री नव्हती.