एकतीस लिफ्ट आणि उणे दिवस

३ मार्च, सकाळी ९.४०
साहेबांनी बोलावून काम दिलं. आमच्याकडे बत्तीस लिफ्टची देखभाल. प्रत्येक लिफ्टच्या दोन सर्व्हिसिंगमध्ये किती दिवस गेले, त्याचा गेल्या वर्षाचा रिपोर्ट हवा. तीस दिवसांच्या वर जाता कामा नये, असा नियम. रिपोर्टचं नवं सॉफ्टवेअर ऑफिसात मला एकट्यालाच येतं. (म्हणजे पासवर्ड माझ्याकडे आहे.) दुपारपर्यंत उडवतो.

४ मार्च
काल यादी लावण्यातच दिवस गेला. आधी लिफ्टचा नंबर, मग तारीख. पुढचं सोपं: प्रत्येक ओळीच्या तारखेतून वरच्या ओळीची तारीख वजा. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, लिफ्ट बदलते तिथे काय होतं? म्हटलं, बाई, सॉफ्टवेअरला सगळं कळतं.

५ मार्च
मधे मधे उणे आकडे येताहेत. उणे ३३६. उणे ३४१. दिवस कधी उणे असतात का? सॉफ्टवेअरचा दोष. उण्याचं चिन्ह काढून टाकलं. रिपोर्ट एकदम भरदार दिसायला लागला.

६ मार्च
साहेब थक्क. बत्तीसपैकी एकतीस लिफ्टना अकरा अकरा महिने कुणी हात लावलेला नाही! म्हणाले, तुमच्यामुळे उघडकीला आलं. आमच्या एकुलत्या एक मेकॅनिकना बोलावलं. बावीस वर्षांची नोकरी. ते म्हणाले, दर महिन्याला जातो साहेब, कार्डांवर सह्या आहेत. साहेबांनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं. जाताना मला ‘येतो’ म्हणाले. माणूस चांगला. पण आकडे ते आकडे.

९ मार्च, दुपारी
पहिली लिफ्टच तेवढी कशी सुटली, हे सहज बघितलं. तिच्या वर ओळच नाही. दुसऱ्या लिफ्टच्या जानेवारीतून मात्र पहिल्या लिफ्टचा डिसेंबर वजा झालाय. पुढे सगळीकडे तसंच; तेच उणे आकडे, तेच अकरा महिने. याला चूक म्हणता येणार नाही. मर्यादा म्हणू. साहेबांना योग्य वेळी सांगेन.

१० मार्च
साहेब मीटिंगमध्ये. योग्य वेळ नव्हे.

११ मार्च
साहेब खुशीत. कशाला विरजण घाला? मेकॅनिकचा घरून फोन आला. वाटलं, आता ऐकवणार. पण म्हणाले, नऊ नंबरच्या लिफ्टचं दार नीट बसत नाहीये, कुणालातरी पाठवा. पाठवायला कुणी नाही, हे सांगितलं नाही. जेवण गेलं नाही. बायकोला म्हटलं, पित्त झालंय.

१२ मार्च
आमचीच लिफ्ट बंद पडली. सहा मजले चढलो. चौथ्यावर ठरवलं, आज सांगायचंच. सहाव्यावर पोचलो तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. दम लागल्यामुळे.

१३ मार्च
बाईंनी सह्यांची सगळी कार्डं काढून साहेबांच्या टेबलावर ठेवली. मग माझ्या मशिनवर बसून एक अट घातली: वरच्या ओळीत तीच लिफ्ट असेल तरच वजाबाकी. पाच मिनिटं लागली. वर्षभरातलं सगळ्यात मोठं अंतर एकोणतीस दिवस. साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. मेकॅनिकना स्वतः फोन करून माफी मागितली. पासवर्ड बाईंकडे.

१६ मार्च
महिनाभर मेकॅनिकबरोबर फिरून कार्डं भरायची, असा हुकूम. मी याला फील्डचा अनुभव म्हणतो. नऊ नंबरपासून सुरुवात. ते दाराशी उकिडवे बसले, मी हत्यारांची पिशवी धरून उभा. सकाळपासून जुळवलेली वाक्यं एका दमात म्हणून टाकली. मला नऊ तारखेलाच कळलं होतं, चार दिवस गप्प बसलो, वगैरे.

ते दारातून मान न काढता म्हणाले, माहीत आहे. फोनवर तुमचा आवाज ऐकला तेव्हाच कळलं. दहाचा पाना द्या.

मी बाराचा दिला.