अर्धा इंच म्हणजे नेमका किती

चिरंजीव धाकट्यास ताईचे आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? तुझ्या बायकोचा खोकला थांबला का? थांबला असेल तर बरं, नसेल तर तिला म्हणावं, थंड पाणी पिणं सोड. आमच्याकडे थंडही नाही, गरमही नाही. पाणीच नाही. म्हणून हे पत्र. फोनवर बोलले असते, पण फोनवर तू मधेच हसतोस आणि मग माझं डोकं फिरतं.

तुला ठाऊकच आहे, आमचं स्वयंपाकघर वर आणि माझं शिवणाचं दुकान बरोबर त्याच्या खाली. भांडी घासायच्या सिंकखाली भिंतीतून जो लोखंडी पाइप बाहेर येतो, त्याचं सॉकेट तडकलं. (सॉकेट म्हणजे पाइपाच्या टोकावर फिरवून बसवायचा जोडाचा आखूड तुकडा, हे मला परवापर्यंत माहीत नव्हतं. आता झोपेत विचार.) तिथून गंजकं पाणी टपटप खाली, थेट माझ्या कापायच्या टेबलावर. आणि टेबलावर काय? तर दवाखान्याच्या नर्सबायांच्या कोटांचं पांढरंशुभ्र कापड! गठ्ठा उचलून पलंगावर टाकला म्हणून वाचला. पण पलंगावर कापड कापता येत नाही, आणि मुख्य नर्सबाईंनी बजावलंय की या आठवड्यात कोट मिळाले नाहीत तर त्या तयार कपड्यांच्या दुकानात जातील आणि परत माझी पायरी चढणार नाहीत. तुझे दाजी बादली धरून उभे होते आणि वर मलाच सांगत होते की पाणी गळतंय.

भाऊ नळकामवाला असून उपयोग काय, म्हणून मी तुला फोन केला. तू काय म्हणालास? "ताई, अर्धा इंची सॉकेट आण आणि फिरव, त्यात काय एवढं!" आता मी चौथीत शाळा सोडलेली बाई, पण टेपला मी फसत नाही. अर्ध्या जन्माची भाकरी टेपवर खाल्ली आहे. मी पाइपाला टेप लावला. पाऊण इंचाहून अंमळ जास्तच भरला. म्हटलं, धाकटा नेहमीसारखा घाईत बोलला. गेले आणि पाऊण इंची सॉकेट घेऊन आले. ते पाइपावर असं लडबडलं, जसा बापाचा सदरा पोराच्या अंगात.

परत दुकानात. तो नळसामानवाला (पोट काउंटरवर ठेवून बसतो, उठत नाही) म्हणाला, "काकू, अर्धा इंच बाहेरून नसतो, तो आतल्या भोकाचा." मी तिथल्या तिथे एका पाइपाच्या भोकाला टेप लावला. अर्धा इंच आणि वर एक सूत! विचारलं, हे काय? तर म्हणे पूर्वी भोक तेवढं असायचं, आता पाइप बदलले, नाव तेच राहिलं. ऐकलंस? आतून अर्धा नाही, बाहेरून अर्धा नाही, तरी नाव अर्धा इंच! मी छत्तीसचा ब्लाउज म्हणून बेचाळीसचा शिवून दिला आणि सांगितलं की बाई, तुमच्या आजीच्या वेळी हाच छत्तीस होता, तर बाया मला जिवंत सोडतील का? तुमच्या धंद्यात मात्र चालतं.

बरं, अर्ध्याचं आणलं. चार वेढे छान फिरलं आणि अडकलं. अर्धे आटे अजून उघडेच. मी म्हटलं, आटे खराब पाडलेत, काढून पुन्हा दुकानात. पोटवाला आता मला बघूनच डोळे मिटायला लागला होता. म्हणाला, पाइपाचे आटे सरळ नसतात, टोकाकडे निमुळते असतात, जितकं फिरवाल तितकं आवळतं, आवळतं म्हणूनच पाणी थांबतं, पांढरी पट्टी गुंडाळा आणि जोर लावा. हे मला पटलं. मनगटाला बाही निमुळती करतो तसंच ते. पण मग हे आधी सांगायला तुझी जीभ झिजत होती का रे?

पट्टी गुंडाळली, सॉकेट आवळलं, त्यात पाणी बंद करायचा छोटा कॉक आवळला. म्हटलं, आता आपण शिकलो. म्हणून कॉकावरून नळाकडे जाणाऱ्या जाळीच्या नळीलाही भरपूर पट्टी गुंडाळली आणि दणकून पिळली. पाणी सोडलं. सॉकेट कोरडं ठाक, पण नळीच्या तोंडातून असा फवारा की दाजींचा चष्मा सिंकमध्ये. आणखी पिळलं तर नटच चिरला. का, तर पोटवाला म्हणे नळीचे आटे सरळ! तिथे पाणी आटे थांबवत नाहीत, आतला रबरी वायसर थांबवतो, पट्टी लावायचीच नसते, हातानं आवळून वर थोडासा पाना. एकाच सिंकखाली दोन जातीचे आटे, दिसायला सख्खे भाऊ, आणि वागायला तू आणि मी!

नवी नळी बसवली. काल दुपारपासून एक थेंब गळलेला नाही. तुमच्या धंद्यात काही राम नाही, एवढंच सांगायला हे लिहिलं.

तुझी ताई

ता. क. थेंब गळत नाही कारण गच्चीवरचा मोठा कॉक मी अजून बंदच ठेवलाय. उघडायचा धीर होत नाही. दाजी शेजारून बादल्या आणतात आणि प्रत्येक बादलीबरोबर एक सुस्कारा. मुकाट्यानं ये आणि तो कॉक तू उघड. मी खाली टेबलापाशी उभी राहते.

दुसरा ता. क. पाकिटाला डिंक शोधत होते तोवर दाजींनी न विचारता वर जाऊन कॉक उघडला. मी किंचाळत खाली पळाले आणि छताकडे बघत तिष्ठत राहिले. मान आखडली, पण थेंब नाही. अर्ध्या तासानं पांढरं कापड त्या जागेखालीच अंथरलं आणि पहिला कोट कापलासुद्धा. तेव्हा तू येण्याची गरज उरली नाही. तरी ये. सिंकखालचा पडदा मी काढून ठेवलाय, आल्यागेल्याला दिसावं म्हणून. येताना तुझा मोठा पाना आण आणि इथेच विसरून जा. शेजारणीचा नळ गळतोय, तिनं मला बोलावलंय. म्हणते, अर्धा इंची आहे. मी विचारलं, कोणी सांगितलं? तर म्हणे, टेपनं मोजलाय.