साइमीच्या गाण्यामागची घूं घूं

कुह्मो, ७ फेब्रुवारी १९९४

ती. आउनेताईस,
ओइवाचा सा. न. वि. वि.

इकडे थंडी उणे एकतीस. साइमीच्या घशाचं ऑपरेशन तीन मार्चला ठरलं. स्वरयंत्र काढणार, म्हणजे आवाज जाणार. डॉक्टरांनी हे दोनदा सांगितलं. साइमी म्हणाली, पहिल्याच वेळी कळलं होतं.

माझ्या सासूबाईंकडून तिला आलेली तेवीस गाणी कुठेच लिहिलेली नाहीत. म्हणून बंद पडलेल्या नाचघरातला आवाजाचा मिक्सर आणि टेपरेकॉर्डर आणून बैठकीच्या खोलीत स्टुडिओ मांडला. त्या खोलीतल्या सॉकेटना अर्थिंग नाही, तेव्हा मिक्सरची वायर स्वयंपाकघरातून ओढली, रेकॉर्डरची सौनाच्या न्हाणीघराकडून. तर प्रत्येक गाण्यामागे घूं घूं! चार दिवस डोकं खाल्लं. शेवटी दोन्ही प्लगच्या अर्थिंगच्या पट्ट्यांवर चिकटपट्टी गुंडाळली, आणि आवाज बंद. तू जन्मभर जहाजांवर वायरमनचं काम केलंस, पण थोडी अक्कल मलाही आहे.

बाकी विशेष नाही. साइमी म्हणते मायक्रोफोन ओठाला चावतो, खोली तापवणाऱ्या रेडिएटरवर हात असला की जास्त. मी म्हटलं, मग हात ठेवू नकोस.

आहे तो लोभ टिकवावा.
तुझा ओइवा


तुर्कू, ९ फेब्रुवारी

चि. ओइवास,
आशीर्वाद. ते तुला सध्या फार लागणार आहेत.

पत्र मिळताच दोन्ही प्लग उपटून टाक. मग पुढचं वाच. फोन केला होता, पण नेहमीप्रमाणे तू मला बोलू न देता ठेवलास.

मायक्रोफोन चावत नसतो. यंत्राच्या पत्र्यात वीज उतरते आहे. ती अर्थिंगमधून निमूट जमिनीत जायची, तो रस्ता तू बुजवलास. आता ती साइमीच्या ओठातून शिरते आणि रेडिएटरवरच्या हातातून बाहेर पडते. मध्ये काळीज असतं. आमच्या जहाजावर एक गायक असाच एका ओळीच्या मध्यावर थांबला. लोकांना वाटलं, गाणंच तसं आहे. ते टाळ्यांसाठी थांबून राहिले.

घूं घूं येत होती ती अर्थिंग दोन ठिकाणांहून घेतल्यामुळे. अर्थिंग काढणं हा त्यावर उपाय नव्हे. तुमच्या गावच्या रेइनोकडे वायरमनचा परवाना आहे. त्याच्याकडून बैठकीच्या खोलीत अर्थिंगची नवी लाइन आणि गळती झाली की वीज तोडणारा स्विच बसवून घे. दोन्ही यंत्रं त्या एकाच सॉकेटवरून चालव. आवाजाची वायर विजेच्या वायरीला चिकटून नेऊ नकोस, ओलांडावी लागली तर आडवी ओलांड. उजेड कमीजास्त करायचा तो दिवा बंद ठेव. एवढं करूनही आवाज आला, तर सोबत पाठवलेली, घूं घूं अडवणारी छोटी डबी दोन यंत्रांच्या मध्ये, आवाजाच्या वायरीत जोड. अर्थिंगला मात्र हात लावायचा नाही.

साइमीला माझे आशीर्वाद, आणि अक्कल असलेल्यालाही.
आउने


कुह्मो, २४ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

प्लग उपटले. रेइनो येईपर्यंत सहा दिवस गेले, कारण त्याची गाडी गोठली होती. त्याने मिक्सर उघडला. आत एक वायर घासून घासून पत्र्याला पुरती टेकायच्या बेतात होती. ती साइमीला दाखवून तो म्हणाला, "वहिनी, अजून दोन गाणी, आणि तुम्ही गेला असता." साइमीने विचारलं, कोणती दोन?

मी बाहेर जाऊन लाकडं फोडली. ती आधीच फोडलेली होती, आणखी बारीक केली. मीच तिला मायक्रोफोनसमोर उभं केलं होतं, ताई. हे तिला अजून बोलू शकलो नाही, म्हणून तुला लिहितो.

रेइनोने वायर बदलली, नवी लाइन टाकली. तू सांगितलंस तसंच सगळं मांडलं. जराशी घूं उरली होती, ती तुझ्या डबीने गेली. आता टेपवर फक्त साइमी आहे. पण मधल्या दिवसांत तिचा घसा फार बसला. एकोणीस गाणी झाली. उरलेल्या चारांचे शब्द तिने लिहून दिले, चाली राहिल्या.

तुझा ओइवा


कुह्मो, २९ मार्च

ती. वन्संना,
साइमीचा नमस्कार.

घरी येऊन आठ दिवस झाले. जखम भरते आहे. आता सगळं पाटीवर लिहून सांगते. यांनी चूक कबूल केली, तीही पाटीवर लिहूनच. स्वतः बोलू शकतात, हे लक्षात आलं नसावं. मी खाली लिहिलं, माफ केलं, आणि बटाटे आणा.

गाणी उत्तम आली आहेत असं रेइनो म्हणतो. यांनी अजून एकही ऐकलेलं नाही. पहिल्या गाण्याआधी, टेप सुरू आहे हे न कळून, मी यांना रक्तदाबाची गोळी घेतलीत का म्हणून विचारलं होतं. तेवढंच रोज सकाळी लावतात. मग घेतो म्हणतात, आणि घेतात. मी समोरच बसलेली असते.

माया आहेच, ती राहू द्यावी.
तुमची साइमी